मेरी मॅलन (टायफॉईड मेरी) : जीवनपरिचय आणि आपल्यासाठी धडा



परिपाठात आपण नेहमी थोरांचे जीवनपरिचय सांगतो. आज जिच्याबद्दल सांगणार आहे ती त्या अर्थाने थोर नव्हती. तिने शोध लावला नाही, लढाई जिंकली नाही. ती दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. तरी शंभर वर्षं उलटून गेली तरी डॉक्टर लोक तिचं नाव विसरलेले नाहीत. माणूस ठणठणीत असूनही दुसऱ्याला आजार देऊ शकतो, ही गोष्ट तिच्यामुळे घराघरांत पोहोचली.

तिची माहिती मी का शोधली, ते आधी सांगते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या चार मुलांना लागोपाठ टायफॉईड झाला. पालकसभेत विषय निघाला आणि सगळ्यांची बोटं वळली ती खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे. त्यांचे हात, त्यांची नखं, त्यांचा पदर, सगळ्याची चर्चा झाली. पोषण आहाराची नोंदवही माझ्याकडे असते. त्यामुळे तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही येऊ नका, हे मावशींना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी ते सांगितलं. खरं सांगायचं तर सांगताना माझीही नजर आधी त्यांच्या नखांकडेच गेली होती.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. मावशींना काहीच नव्हतं. चारही मुलं एकाच वस्तीतली होती आणि त्या वस्तीच्या नळाला गटाराजवळ गळती होती. नळ दुरुस्त झाला. पण मावशी परत आल्या तेव्हा काही मुलं घरून डबा घेऊन यायला लागली होती. त्यानंतर मी टायफॉईडबद्दल वाचायला घेतलं आणि वाचता वाचता मेरीपाशी येऊन थांबले.

जन्म आणि बालपण

मेरी मॅलनचा जन्म २३ सप्टेंबर १८६९ रोजी आयर्लंडमधल्या कुक्सटाऊन या गावी झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. त्या काळात आयर्लंडमधून हजारो तरुण मुली कामासाठी अमेरिकेला जात. मेरीही साधारण चौदा-पंधरा वर्षांची असताना न्यूयॉर्कला आली आणि सुरुवातीला नातेवाइकांकडे राहिली. मग इतर आयरिश मुलींसारखीच घरकामाला लागली.

तिच्या हाताला चव होती. हळूहळू ती श्रीमंतांच्या घरची स्वयंपाकीण झाली. घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये स्वयंपाकिणीचा मान मोठा आणि पगारही जास्त. ना नवरा ना मूल, पाठीशी कोणी नाही. हातातली कला हीच तिची सगळी पुंजी होती. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा.

१९०६ चा उन्हाळा

न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे चार्ल्स वॉरन या बँकरने उन्हाळ्यासाठी एक घर भाड्याने घेतलं होतं. ऑगस्टमध्ये मेरी तिथे कामाला लागली. महिनाअखेरीस घरातल्या एका मुलीला ताप आला. मग दुसरी मुलगी, त्यांची आई, दोन मोलकरणी आणि माळी. घरात ११ माणसं होती, त्यातल्या ६ जणांना टायफॉईड झाला.

त्या काळी टायफॉईड म्हणजे गरीब, दाटीवाटीच्या वस्तीचा आजार समजला जायचा. आता असल्या घरात पुन्हा भाडेकरू कोण येणार, या काळजीने घरमालकाने जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता अभियंत्याला तपासाला लावलं. सोपरने पाणी तपासलं, दूध तपासलं, संडास तपासले, समुद्रातले शिंपलेही संशयात घेतले. काहीच सापडेना. शेवटी त्याच्या लक्षात आलं की ताप सुरू होण्याच्या थोडं आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि नंतर ती काम सोडून निघून गेली.

इथे एक प्रश्न येतो, तो मुलांना जरूर विचारा. शिजवलेल्या अन्नातले जंतू उष्णतेने मरतात. मग स्वयंपाकिणीमुळे आजार कसा पसरला? त्याचं उत्तर आईस्क्रीममध्ये होतं. मेरी ताजी पीच फळं कापून घातलेलं आईस्क्रीम छान करायची. फळं कापणारे हात नीट धुतलेले नसतील, तर पुढे त्या जंतूंना मारायला चूल नव्हती.

सोपरने तिच्या जुन्या नोकऱ्यांचा माग काढला. तिने काम केलेल्या ८ घरांपैकी ७ घरांत टायफॉईड होऊन गेला होता. एकूण २२ जण आजारी पडले होते. मेरी मात्र धडधाकट होती.

बाईच्या शरीरात नेमकं काय वेगळं घडतं?

आता थोडं विज्ञान पाहू, कारण मेरीच्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

टायफॉईडला आपण विषमज्वर म्हणतो. त्याचा जंतू फक्त माणसात राहतो. रोग्याच्या शौचातून तो पाण्यात किंवा अन्नात जातो आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात शिरतो. आतड्यातून रक्तात, रक्तातून यकृतात आणि तिथून पित्ताशयात पोहोचतो. बहुतेकांचं शरीर त्याला काही आठवड्यांत हुसकावून लावतं. पण १०० मधल्या साधारण २ ते ५ जणांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. ताप जातो, माणूस कामाला लागतो, पण शौचावाटे जंतू वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतात. अशा माणसाला वाहक म्हणतात.

टायफॉईडचा ताप येण्यात बाई-पुरुष असा मोठा भेद नाही. भेद पडतो तो ताप उतरल्यानंतर. कायमचे वाहक होण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतं आणि मध्यमवयाच्या पुढे हा फरक ठळक होतो. याचं मोठं कारण म्हणजे पित्तखडे. बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. गरोदरपणात दुसऱ्या एका संप्रेरकामुळे पित्ताशय सावकाश रिकामं होतं. पित्त साचून राहतं आणि खडे तयार होतात. म्हणून पित्तखड्यांचा त्रास बायकांना जास्त होतो. टायफॉईडचे जंतू याच खड्यांवर चिकट थर करून राहतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ कसं घट्ट धरतं, तसंच समजा. त्या थराच्या आत औषधही नीट पोहोचत नाही.

आता यात दुसरी गोष्ट मिळवा. घरोघरी स्वयंपाक कोण करतं? तेव्हाही बाई आणि आजही बहुतेक ठिकाणी बाईच. म्हणजे वाहक होण्याची शक्यता बाईला जास्त, आणि वाहकाने जिथे असू नये ते चुलीपुढचं कामही तिच्याच वाट्याला. पहिला फरक शरीराचा आहे, तो निसर्गाने केला. दुसरा कामाच्या वाटणीचा आहे, तो आपण केला. दोन्ही एकत्र आले की मेरीसारखी गोष्ट घडते.

पण याचा उलटा अर्थ कोणी काढू नका. वाहकांमध्ये बायका जास्त म्हणजे प्रत्येक स्वयंपाक करणारी बाई वाहक, असं अजिबात नाही. लाखो बायका आयुष्यभर स्वयंपाक करतात आणि त्यांच्यामुळे कोणाला काही होत नाही.

मेरीला पकडलं ते कसं

१९०७ साली सोपरने मेरीला न्यूयॉर्कमधल्या पार्क अव्हेन्यूवरच्या एका घरात गाठलं. त्या घरातली मुलगीही टायफॉईडने वारली होती. सोपर थेट स्वयंपाकघरात गेला आणि तुझ्यामुळे लोक आजारी पडतात, तुझं रक्त, लघवी आणि शौच तपासायला दे, असं सांगू लागला. विचार करा, एक अनोळखी पुरुष येऊन एका बाईला असं विचारतो! मेरीने मांस कापताना वापरायचा लांब काटा उचलला आणि त्याला पळवून लावलं.

मग आरोग्य खात्याने डॉ. सारा जोसेफिन बेकर यांना पाठवलं. बाई गेली तर बाई ऐकेल, असा विचार असावा. डॉ. बेकर यांचे वडील टायफॉईडनेच गेले होते, त्यामुळे या आजाराची झळ त्यांना माहीत होती. पण मेरी त्यांचंही ऐकेना. दुसऱ्या दिवशी त्या पोलीस घेऊन गेल्या, तर मेरी गायब! काही तास शोधाशोध चालली. शेवटी एका बंद कपाटाच्या फटीत तिच्या कपड्याचं टोक अडकलेलं दिसलं. तिला उचलून गाडीत घातलं. ती इतकी धडपडत होती की दवाखान्यात पोहोचेपर्यंत डॉ. बेकर अक्षरशः तिच्या अंगावर बसून होत्या.

तपासणीत तिच्या शौचात टायफॉईडचे जंतू सापडले. सोपरचा अंदाज बरोबर होता.

बेटावरची तीन वर्षं

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये नॉर्थ ब्रदर नावाचं एक छोटं बेट आहे. संसर्गजन्य रोग्यांसाठी तिथे रिव्हरसाईड हॉस्पिटल होतं. मेरीला तिथल्या एका लहानशा घरात ठेवलं. सोबतीला एक कुत्रा होता. गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षेची मुदतही नाही.

तिच्या बाजूनेही जरा विचार करून पाहा. मला कधी टायफॉईड झालाच नाही, असं ती सांगत होती. तिच्या अंगात ताप नाही, कणकण नाही. निरोगी माणूस आजार पसरवतो ही कल्पना डॉक्टरांनाच नवीन होती. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी काही वर्षं आधीच ती मांडली होती. मग एका स्वयंपाकिणीला ती कशी पटावी? दोन वर्षांत तिचे १६३ नमुने तपासले, त्यातल्या १२० मध्ये जंतू निघाले, बाकीच्यांत निघाले नाहीत. वाहकाच्या शरीरातून जंतू रोज बाहेर पडतातच असं नाही, हे तिला कोणी समजेल अशा भाषेत सांगितल्याचं दिसत नाही. पित्ताशय काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा अँटिबायोटिक औषधं नव्हती आणि अशा शस्त्रक्रियेत जीव जायची भीती होती. तिने नकार दिला.

वर्तमानपत्रांनी तिला टायफॉईड मेरी केलं. १९०९ साली एका वर्तमानपत्रात तिचं चित्र छापून आलं. त्यात ती अंडी फोडावीत तशा माणसाच्या कवट्या तव्यात टाकत होती. त्याच वर्षी ती सुटकेसाठी कोर्टात गेली आणि हरली. १९१० मध्ये नव्या आरोग्य आयुक्तांनी तिला सोडलं. मुख्य अट अशी की पुन्हा स्वयंपाकाचं काम करायचं नाही. तिने ते कबूल केलं.

दुसऱ्यांदा

सुटल्यावर तिला कपडे धुण्याचं काम मिळालं. कष्ट जास्त आणि पैसे कमी. काही वर्षांत ती आरोग्य खात्याच्या नजरेतून निसटली. १९१५ साली न्यूयॉर्कच्या स्लोन हॉस्पिटल या प्रसूतीच्या दवाखान्यात टायफॉईड पसरला. २५ जण आजारी पडले. त्यात बहुतेक डॉक्टर, नर्स आणि कर्मचारी होते. दोघांचा मृत्यू झाला. तिथली स्वयंपाकीण मेरी ब्राऊन म्हणजेच आपली मेरी मॅलन निघाली.

इथे तिची बाजू घेणं अवघड आहे. पहिल्या वेळी ती अजाण होती असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी तिला सांगितलेलं होतं, तिने शब्द दिलेला होता, आणि ती बदललेल्या नावाने बाळंतिणींच्या दवाखान्यात चुलीपुढे उभी राहिली. ज्यांची माणसं गेली, त्यांना तिची गरिबी सांगून काय समाधान होणार?

तिला पुन्हा त्याच बेटावर नेलं, ते कायमचंच. नंतरच्या काळात ती तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करायची. १९३२ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी तिचा मृत्यू झाला. दोन्ही वेळचे मिळून साधारण २६ वर्षं ती त्या बेटावर होती. अंत्यविधीला जेमतेम नऊ माणसं होती.

इतर वाहकांचं काय झालं?

वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते इथे.

मेरी एकटी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये तिच्या हयातीतच ४०० हून जास्त वाहकांची नोंद झाली होती. त्यात पुरुषही होते. टोनी लाबेला नावाच्या माणसामुळे शंभराहून जास्त लोक आजारी पडले आणि ५ जण गेले, म्हणजे मेरीपेक्षा जास्त. त्याला काही आठवडे वेगळं ठेवून सोडून दिलं. अल्फोन्स कोटिल्स हा बेकरी आणि हॉटेलचा मालक होता. वाहक असल्याचं माहीत असूनही तो आपल्या दुकानात खाद्यपदार्थ हाताळताना सापडला. धंदा फोनवरून सांभाळतो, असं त्याने सांगितलं आणि न्यायाधीशांनी त्याला घरी जाऊ दिलं. जन्मभर बेटावर राहिली ती मेरीच. तिच्या नावावर पन्नासेक रुग्ण आणि ३ मृत्यू आहेत.

तिचा तापट स्वभाव आणि तिने मोडलेला शब्द ही कारणं होतीच. पण ती बाई होती, एकटी होती, परक्या मुलखातून आलेली होती आणि मोलकरीण होती. पुरुष वाहकाला संसार आहे, धंदा आहे, म्हणून सवलत मिळाली. एकट्या बाईचंही त्या पगारावरच पोट असतं, हा विचार झाला नाही. तिला चांगल्या पगाराचं दुसरं काम शिकवलं असतं, तर कदाचित १९१५ सालचे ते दोन जीव वाचले असते.

आजच्या काळात

बाई आणि पुरुष यांच्या शरीरामुळे आजाराचं रूप बदलतं, हे फक्त टायफॉईडपुरतं नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ बहुतेकांना साधी वाटते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तिने १०० मधल्या २० ते २५ बायकांचा जीव जाऊ शकतो. कोरोनात पुरुषांचे मृत्यू जास्त झाले. क्षयरोगाचे रुग्ण पुरुषांत जास्त सापडतात. त्यात शरीराचाही भाग आहे आणि विडी-सिगारेटचा व बाहेरच्या कामाचाही. म्हणून आजार समजून घेताना जंतू कोणता, एवढं विचारून भागत नाही. तो कोणाच्या शरीरात आहे आणि ते माणूस रोज काय काम करतं, हेही विचारावं लागतं.

मेरीच्या वेळी नव्हते असे उपाय आज आहेत. वाहकाला बरेच दिवस अँटिबायोटिक देतात आणि गरज पडली तर पित्ताशय काढतात. ती शस्त्रक्रियाही आता पूर्वीसारखी जीवघेणी राहिलेली नाही. टायफॉईडची लस आपल्या देशात तयार होते. पालकांनी तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

१. मेरीची गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना दोन प्रश्न विचारा. मेरीचं काय चुकलं? आणि मेरीच्या बाबतीत लोकांचं काय चुकलं? माझ्या चौथीच्या वर्गात दुसऱ्या प्रश्नाला जास्त हात वर आले.

२. हात धुण्याचा तक्ता फक्त मुलांसाठी नको. शौचाहून आल्यावर आणि अन्नाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं शिक्षकांना, मावशींना आणि वाढायला येणाऱ्या पालकांनाही सारखंच लागू असू द्या. साबण संपला की तो कोण आणणार, हेही ठरवून ठेवा.

३. काकडी, टोमॅटो, फळं अशा न शिजवता खाण्याच्या गोष्टींना जास्त जपा. पीच आईस्क्रीम आठवा.

४. मुलं आजारी पडली तर आधी पाणी तपासा. मुलं कुठे राहतात, कुठलं पाणी पितात, बाहेर काय खातात, याची यादी करा. स्वयंपाक करणाऱ्यांची तपासणी करायचीच, पण ती दरवर्षी ठरलेल्या वेळी, सन्मानाने आणि सगळ्यांची. कोणी आजारी पडल्यावर एकट्या बाईला पुढे करून नाही.

५. तपासणीसाठी कोणाला घरी बसायला सांगितलं, तर त्या दिवसांचं मानधन बुडता कामा नये. मानधन बुडणार असेल, तर पुढच्या वेळी ताप असूनही ती बाई तो लपवून कामाला येईल. मेरीने दुसरं काय केलं?

पाचवा मुद्दा मी अनुभवाने लिहिला आहे. आमच्या मावशींचे ते आठ दिवस आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भरून दिले, पण ते नंतर, त्या परत आल्यावर. पैसे देताना मी त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, पातेलं घासत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी मुलांच्या पंगतीत बसून त्यांच्या हातची खिचडी खाऊ लागले. महिनाभरात घरून येणारे डबे बंद झाले.

मेरीला कोणी असं पंगतीत घेणं शक्य नव्हतं, तिच्या हातचं खाणं खरोखरच धोक्याचं होतं. पण शेजारी बसून चार शब्द नीट समजावून सांगणं तर शक्य होतं.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर जरूर पाठवा आणि तुमच्या शाळेतले अनुभवही कळवा.